विषय क्रमांक 7

दादाचा फोन रविवारी येतो. त्याच्याकडे रात्रीचे नऊ, माझ्याकडे दुपारचे साडेचार आणि खिडकीबाहेर मिट्ट काळोख, कारण नोव्हेंबर. गेल्या दोन महिन्यांत आम्ही आईच्या गुडघ्यांबद्दल बोललो नसू इतकं एका चहाच्या टपरीबद्दल बोललोय. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीने सभेची नोटीस काढली, त्यातला विषय क्रमांक 7: 'फाटकालगतची चहाची टपरी हटवणे व तळमजल्यावरील गाळा क्रमांक 2 कॅफेसाठी भाड्याने देणे.' फ्लॅट आईच्या नावावर, सभेला जातो दादा, आणि तावातावाने बोलते मी, स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून.

दादा टपरीच्या बाजूचा. 'चहा ही आपली संस्कृती आहे' हे वाक्य तो हल्ली आरतीसारखं म्हणतो. भाची कॅफेच्या बाजूची. 'आत्या, तो चहा नाही गं, उकळलेला पाक आहे.' तिला चिकमगळूरच्या एकाच मळ्यातली, हलकी भाजलेली, काट्यावर तोलून केलेली कॉफी लागते, 260 रुपयांना. दोघंही मला साक्षीला काढतात. दादा म्हणतो, तूच सांग, तिकडे मिळतो का असा चहा? भाची म्हणते, तूच सांग, तिकडे सगळे कॉफीच पितात ना? मी सतरा वर्षं बाहेर आहे म्हणजे माझ्याकडे जगाचा निकाल तयार असणार, असं दोघांनी धरलंय.

तर आधी संस्कृती. दादा, 1890 साली याच पुण्यात चहा प्यायल्याबद्दल माणसांना वाळीत टाकण्यापर्यंत वेळ आली होती. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला नेलं. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी घोट घेतला, कोणी नुसता कप हातात धरला. मग गोपाळरावांनीच 'पुणेवैभव'मध्ये नावं छापून आणली! त्यात टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. गुन्हा अर्थात चहाचा नव्हता, मिशनऱ्यांच्या हातचा असण्याचा होता. पण चहाचा कप कोणाच्या हातचा आणि कोणाच्या दारातला, यावर गाव पेटवण्याची आपली सवय तेव्हापासूनची आहे, एवढं खरं.

आणि दादा ज्या अमृततुल्यांच्या नावाने उसासे टाकतो, ती उभी केली राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी. पितळेचं पातेलं, खलबत्त्यात कुटलेली वेलची नि सुंठ, फडक्यातून गाळलेला चहा, सगळं त्यांचं. गुडलक कॅफे 1935 पासून डेक्कनला आहे, इराण्यांचं. फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली-रूपाली ही हॉटेलं जगन्नाथ शेट्टींची, म्हणजे फिल्टर कॉफी थेट दक्षिणेची. दादा ज्याला कडक म्हणतो ती दाणेदार पूड सीटीसी यंत्रातून, म्हणजे पानं चिरडून-फाडून वळवणाऱ्या यंत्रातून, निघते, आणि ते यंत्र आसामच्या मळ्यांत 1930 च्या दशकात आलं. आमच्या आजीच्या माहेरी चहाला व्यसन म्हणत. ती सासरी येऊन प्यायला शिकली. मग आपली संस्कृती म्हणजे नेमकी कुठल्या सालापासूनची?

दादा म्हणाला, 'तू तिकडे बसून इतिहास शिकवू नकोस.' हे वाक्यही दर रविवारचं.

भाचीलाही मी सोडलं नाही. म्हटलं, इथे जगात सर्वात जास्त कॉफी पिणाऱ्या देशांपैकी एका देशात मी राहते आणि ऑफिसात कोणी कॉफी हुंगून 'जर्दाळूचा गंध येतोय' म्हणत नाही. यंत्राचं बटण दाबायचं, काळी कॉफी घ्यायची, फिकाला, म्हणजे कॉफीच्या सुट्टीला, बसायचं, पंधरा मिनिटांनी उठायचं. आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेलाही थर्मासमधली कॉफी आणि दालचिनीचे बन असतात. सायकलींच्या खोलीवरून दोन तास हुज्जत चालली तरी दुसरा कप, पोतोर, घेतल्याशिवाय कोणी उठत नाही. आवाज चढत नाही. (कपडे धुण्याच्या पाळीवरून याच लोकांनी एकमेकांना लिहिलेल्या चिठ्ठ्या मी भाचीला दाखवलेल्या नाहीत. माझ्या ट्रामच्या थांब्यासमोर जर्दाळूवाली तीन दुकानं आहेत आणि तिथे रांग असते, हेही नाही.)

याच लोकांच्या सरकारने 1756 साली कॉफीवर बंदी घातली होती. ती उठली, पुन्हा घातली, असं अनेकदा झालं. राजा तिसरा गुस्ताव याची एक गोष्ट इथे सांगतात, खरी-खोटी देव जाणे. कॉफी विषारी आहे हे सिद्ध करायला त्याने दोन जुळ्या कैद्यांची फाशी माफ केली आणि एकाला रोज कॉफी, दुसऱ्याला रोज चहा पाजायला सांगितलं. देखरेख करणारे वैद्य आधी गेले. राजाला तर 1792 मध्ये मुखवट्यांच्या नाचात गोळी घातली आणि त्यात तो गेला. कैदी पीत राहिले. आधी गेला तो चहावाला, त्र्याऐंशीव्या वर्षी. ही गोष्ट मी भाचीला सांगितली तर ती जिंकेल, म्हणून तिलाही सांगितली नाही.

माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, नव्वदीच्या, पार उत्तरेकडच्या. त्या किटलीतच कॉफी उकळतात, जाडसर दळलेली, आणि गाळ खाली बसेपर्यंत थांबतात. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी साखरेचा खडा पुढच्या दातांत धरला, कॉफी बशीत ओतली, बशी पाच बोटांवर तोलली आणि फुर्र करून ओढली. मी बघतच राहिले. अण्णा, माझे आजोबा, असेच प्यायचे, फक्त चहा. बशीत फुंकर मारताना त्यांच्या चष्म्यावर वाफ धरायची. इंग्रजी शाळेत गेल्यावर मला त्या फुर्रची लाज वाटायची आणि मैत्रीण घरी आली की मी त्यांना आत बसा म्हणायचे. परक्या देशातल्या बाईची फुर्र मला गोड वाटली, कौतुकाने मी ऑफिसात सांगितलीसुद्धा. अण्णांची कोणाला सांगितल्याचं आठवत नाही.

आता खरं ते लिहिते. ज्या टपरीसाठी मी दर रविवारी भांडते, तसल्या टपरीवर मी पुण्यात असताना एकदाही उभी राहिलेली नाही. नव्वदच्या दशकात आमच्या भागात मुली टपरीवर उभ्या राहत नसत. कोणी मनाई केली नव्हती, पण राहत नसत. अमृततुल्यात मी गेले ते दादाबरोबर, आणि तेव्हाही तो 'दोन हाफ' सांगून मला बाहेर स्कूटरपाशी आणून द्यायचा. दादाच्या आठवणीतलं ते बाकडं, ती पेपरची पानं, तो शेवटच्या घोटापर्यंत चाललेला क्रिकेटचा वाद, हे सगळं मी स्कूटरवरून पाहिलेलं आहे.

आम्ही मुली बसायचो रूपालीत. एका कॉफीवर दीड-दोन तास, वेटर दर पंधरा मिनिटांनी पाण्याचे ग्लास उचलून इशारा करायचा तरी. मला कॉफी आवडायची का? मुळीच नाही, कडू लागायची. पण चहाच्या जागा भरलेल्या होत्या आणि कॉफीच्या जागेत एक खुर्ची होती. भाचीला कॅफे का हवा हे मला तिच्यापेक्षा जास्त कळतं, आणि तरी मी तिच्या विरुद्ध बोलते, कारण तिथे 260 रुपये मोजल्याशिवाय ती खुर्ची मिळत नाही. टपरीवर रिक्षावाले, शेजारच्या बांधकामावरचे मजूर, आमच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका एकाच वेळी उभे असतात. गाळा क्रमांक 2 मध्ये यातले किती जण आत शिरतील? सभेत बोलायचं तर यावर बोलावं. पण नोटिशीत 'अस्वच्छता' आणि 'वाहतुकीस अडथळा' लिहिलंय, आणि दादाने उत्तराच्या भाषणात 'संस्कृती' लिहिलंय.

मी एवढी का पेटते, हे नवरा मागे शांतपणे विचारून गेला. माझ्या ओट्यावरच्या कपाटात सपट चहाचे चार पुडे आहेत. दर खेपेला आणते, चितळ्यांच्या दुधासारखं दूध इथे नाही, लाल खोक्यातल्या दुधाला ती चव येत नाही, म्हणून कुरकुरते आणि पुडा मागे सारते. एकाची तारीख दोन वर्षांपूर्वी उलटली. सकाळी मी काळी कॉफी पिते, बिनसाखरेची, उभ्याने, आणि मला ती आवडते. हे मी अजून पुण्यात कोणाला नीट सांगितलेलं नाही.

न सांगताच कळलं असावं. जुलैत गेले होते. सकाळी आईने आधण ठेवलं, त्यात गवती चहाची पात टाकली, कपबशा मांडल्या. दादाला विचारलं नाही, वहिनीला नाही, भाचीला तर ओरडून उठवलं, चहा गार होतोय म्हणून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'तू काय घेशील? चहा चालेल, का कॉफी करू?'

आमच्याकडे हे पाहुण्यांना विचारतात.

'चहाच दे, त्यात काय विचारायचं,' मी जरा जास्तच जोरात म्हणाले. ती काही बोलली नाही. चहा फार गोड होता. तिचं लक्ष नाहीसं पाहून मी उरलेला बेसिनमध्ये ओतला आणि कप लगेच विसळला. तिचं लक्ष होतं, कारण दुसऱ्या दिवशीपासून माझ्या कपात साखर कमी होती.

काल सभा झाली. रात्री मी दादाच्या फोनची वाट न बघता आईलाच लावला. विषय क्रमांक 7 चं काय झालं? ती म्हणाली, 'काय होणार, पाचव्या विषयावरच अकरा वाजले. पार्किंग. तुमचा टपरीचा विषय पुढच्या सभेत.'

'आणि इतका वेळ बसलात तर काही दिलं का नाही कमिटीने?'

'दिलं की. फाटकावरून मागवला, चाळीस हाफ. पैसे अजून द्यायचेत म्हणे.'