कट घालू काय?

मिसळीच्या टेबलाशी कटाची किटली घेऊन आलेल्या पोराला 'नको' म्हणायची सोय कोल्हापुरात नाही. "कट घालू काय दादा?" हे तो विचारतो ते घालून झाल्यावर. पुढचे हाल मी नेमाने भोगतो, आणि तोंडात नेमकं काय चाललंय हे माहीत असण्याचा त्या वेळी काडीचा उपयोग होत नाही.

तिखट ही चव नव्हेच. जिभेतल्या नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचा रिसेप्टर असतो: चार प्रथिनं कोंडाळं करून मधे वाट ठेवतात. त्याचं काम चटका ओळखायचं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर ती वाट उघडते. मिरचीतलं कॅप्सेसिन पेशीच्या स्निग्ध आवरणात शिरून रिसेप्टरला आतून चिकटतं, आणि वाट अंगाच्या तापमानालाच उघडते. सोडियम-कॅल्शियम आत घुसतात, नस पेटते, आणि मेंदू खरोखर भाजल्यासारखा घाम सोडतो, नाक सोडतो, अब्रूही सोडतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली या रिसेप्टरचं जनुक शोधलं, २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं. बिंदू चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागायला हरकत नव्हती.

मग आपण पाणी पितो. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे घोट गार असेतोवरच आराम. दुधातलं केसिन आणि स्निग्धांश मात्र त्याला धरून नेतात. गंगावेशीतल्या दूध कट्ट्याला माझ्या लेखी औषधाच्या दुकानाचा दर्जा आहे. वर कडक चहा मागवणाऱ्याला मी हात जोडतो. कॅप्सेसिनने उष्णतेचा उंबरठा आधीच खाली आणलेला असतो. त्यात उकळता चहा म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

आता खरी गंमत. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी उतरलं की मिटतात. इथं आत शिरलेलं कॅल्शियमच दार ओढून घ्यायला लावतं. ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला जोडलं जातं, कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जागं होऊन रिसेप्टरवरचे फॉस्फेट उतरवतं, आणि रिसेप्टर ज्याच्या आधारावर चालतो ते आवरणातलं पीआयपी२ हे स्निग्ध द्रव्यही फॉस्फोलायपेज सी नावाचं दुसरं एन्झाइम तोडून टाकतं. रिसेप्टर मंदावतो. मात्र त्याला उसंत हवी. घासावर घास मारले तर जळजळ चढत जाते. मधे काही मिनिटं हात थांबवला तर पुढचा कट सौम्य लागतो. थांबायचं कसं, हे विज्ञानाने सांगितलेलं नाही. ब्रेड संपलेला असतो आणि कट उरलेला.

तोंड आलं असेल तर नादच सोडा. सुजेतली ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लॅंडिन ही द्रव्यं उलटा कारभार करतात: कायनेज एन्झाइम्स फॉस्फेट परत चढवतात, रिसेप्टर हळवा होतो. मग गरम आमटीसुद्धा तांबड्या रश्श्याच्या तोऱ्यात बोलते.

याच मंदावण्याचा उपयोग डॉक्टर करतात. नागीण बरी झाल्यावरही राहणाऱ्या वेदनेवर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी कातडीवर ६० मिनिटं ठेवतात. तिथली नसांची टोकं बराच काळ गप्प बसतात. आपल्याकडे 'मला तिखट लागतच नाही' असं छाती काढून सांगणाऱ्याच्या शौर्यातही मोठा वाटा दमलेल्या रिसेप्टरचा असतो. तरी पैज मारायचीच असेल तर पोपटाशी मारू नका. पक्ष्यांच्या टीआरपीव्ही१वर कॅप्सेसिनची मात्राच चालत नाही. तो लवंगी मिरची बियांसकट खाईल, वर तुमचं नाव घेऊन हाकही मारेल.