पावडर नको, हवा लागू द्या
अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा डायपर बदलल्यावर पावडर लावा असं एका लेखात लिहिलंय, ते कृपया टाळा. सासूबाई पक्षाघातानंतर 2 वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. आम्हीही भरपूर पावडर लावायचो. जांघेत घामाने तिचे गोळे व्हायचे आणि कातडी सोलवटायची. आता कोमट पाण्याने धुतो, जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने न घासता अलगद टिपतो, 10 मिनिटं उघडं ठेवतो, मग झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावतो. दर 2-3 तासांनी डायपर बघतो, रात्रीसुद्धा. शी झाली तर लगेच बदला. लघवी आणि शी एकत्र राहिली की कातडी फार लवकर जळते. चट्ट्याच्या कडेला बारीक लाल पुटकुळ्या दिसल्या तर बुरशी असू शकते. डॉक्टरांना दाखवा, घरात पडलेलं स्टेरॉइडचं मलम लावू नका.