खुलासा : आयनांचा झोत चुंबकीय क्षेत्र भेदून प्लाझ्मात जातो का?

फ्यूजन यंत्रात (अणुकेंद्रकं एकत्र जोडून ऊर्जा मिळवू पाहणारं यंत्र) चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलेल्या प्लाझ्मात, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉनांच्या अतितप्त वायूत, आयनांचा (इलेक्ट्रॉन गमावल्याने विद्युतभार आलेल्या अणूंचा) झोत सोडून मोजमाप करणं ही थाप आहे, भारित कण चुंबकीय क्षेत्र भेदूच शकत नाहीत, असा एक मेसेज फिरतोय. त्यात अर्धं तथ्य आहे. प्लाझ्मा तापवायला उदासीन (विद्युतभार नसलेल्या) अणूंचा झोत वापरतात तो याच कारणाने.

पण मोजमापासाठी जड आयन घेतात. माद्रिदच्या टीजे-२ या फ्यूजन यंत्रात सीझियमचे आयन वापरतात, ऊर्जा सुमारे १२५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हिशोब करून बघा : १ टेस्लाच्या क्षेत्रात त्यांच्या वळणाची त्रिज्या जवळपास ६० सेंटीमीटर येते, तेवढ्याच ऊर्जेच्या हायड्रोजन आयनाची जेमतेम ५. हायड्रोजन काठावरच गरगरतो, सीझियम आरपार जातो. जपानमधलं एलएचडी यंत्र मोठं, तिथे सोन्याचे आयन लागतात.

आत काही आयनांचा आणखी एक इलेक्ट्रॉन निघतो. भार दुप्पट झाला की वळण अधिक तीव्र होतं आणि ते मूळ झोतापासून फुटून शोधकाकडे येतात. जाताना आणि येताना त्यांच्या ऊर्जेत जो फरक पडतो, त्यावरून इलेक्ट्रॉन निघाला त्या बिंदूचा विद्युत विभव (व्होल्टेज) कळतो. सव्वा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काहीशेंचा फरक पकडायचा, म्हणजे काम किचकटच.

दुसरा मेसेज म्हणतो, हा आयनांचा झोत म्हणजे ‘प्लाझ्माचा थर्मामीटर’. तेही चूक, कारण त्यातून विभव मिळतो, तापमान नाही. इलेक्ट्रॉनांचं तापमान सहसा लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून काढतात.