पटाशीनं डबा कोणी उघडला?

सुतारकामाची जुनी हत्यारं शोधत फिरणाऱ्याला गंजाची भीती नसते. गंज हा या प्रकरणातला एकमेव सज्जन. जे काही आहे ते उघड, तोंडावर. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, धुऊन पुसून तेलाचा हात द्या; मुकाट्यानं निघून जातो. भीती असते ती हत्याराच्या आधीच्या मालकाची. त्यानं करून ठेवलेलं कशातही बुडवून निघत नाही.

पटाशी हातात घ्यावी. मूठ गुळगुळीत, पोलाद जाड, ठसा ठसठशीत. छातीत धडधडायला लागतं. मग धार डोळ्यांसमोर धरली की दिसतं, एक कोपरा उडालेला आणि टोकाला निळ्या ऑइलपेंटचा वाळलेला ओघळ. म्हणजे या सद्गृहस्थानं पटाशीनं रंगाचा डबा उघडला. त्याच खोक्यात तळाशी त्यांचा स्क्रूड्रायव्हरही सापडतो. त्याच्या मुठीचं डोकं हातोडीनं ठोकून ठोकून फुललेलं. आता उलगडा होतो. डब्याला पटाशी लावावी लागली, कारण स्क्रूड्रायव्हर तेव्हा लाकूड तासण्यात गुंतला होता.

त्याहून वाईट म्हणजे ग्राइंडरवाले. पातं चाकावर दाबून धरलं की ते तापत जातं, आधी पिवळसर होतं आणि ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळं पडतं. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं, कडकपणा गेला. दिसायला मोरपिशी, पण धार लाकडाच्या पहिल्या गाठीला शरण. म्हणून मी खिशात एक छोटी कानस बाळगतो. पात्याच्या कडेला हळूच फिरवायची. घसरली तर पोलाद कडक, चावली तर मऊ. दुकानदाराची पाठ वळल्यावर खिशातून काहीतरी काढून त्याच्या मालावर घासणारा माणूस लांबून कसा दिसतो, याची मला पूर्ण कल्पना आहे.

विक्रेत्याला काही कळत नसेल तर बरं. ज्याला थोडं कळतं तो अवघड. अशाच एकानं लोखंडी रंधा पुढे केला आणि पात्याच्या बैठकीमागे ओतलेली अक्षरं दाखवत म्हणाला, "१९०२चा आहे साहेब, लिहिलंय बघा." लिहिलेलं होतंच. पण त्या पेटंटच्या तारखा, रंध्याच्या जन्माच्या नव्हेत. आणि त्यांच्याच खाली १९१०ची तिसरी तारीख होती. म्हणजे आठ वर्षांनंतर मिळणारं पेटंट या रंध्याला आधीच ठाऊक होतं! मी ते बोललो नाही. बोललो असतो तर तो १९१०चा झाला असता आणि किंमत तीच राहिली असती. असे रंधे घडवणाऱ्या लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराची पेटंटं हत्यारं बनवणाऱ्या स्टॅनली कंपनीनं १८६९ साली घेतली आणि त्यानंतर असे रंधे इतके निघाले, की केवळ वयावर भाव खाण्याचा त्यांना काही अधिकार नाही. पण विक्रेत्यानं मोबाइलवर कुणीतरी मागितलेली किंमत बघितलेली असते. ती त्याला कुणी दिली का, हे मोबाइल सांगत नाही.

रंधा घ्यायचाच असेल तर उलटा करून, पातं जिथून बाहेर डोकावतं त्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत बघायचं. बीड तिथंच तडकतं, आणि केसाएवढी चीर मळाखाली बेमालूम लपते. चेहरा मात्र कोरा ठेवायचा. आधी एखादं बिनचावीचं कुलूप उचलून त्याची मनापासून चौकशी करायची, आणि निघता निघता, "आणि हे काय, रंधा वाटतं?" या अभिनयाला आजवर एकही विक्रेता फसलेला नाही. तरी करावा लागतो.

गेलेल्या माणसाच्या घरची विक्री असली की मात्र नियम बदलतात. दार उघडण्याआधीपासून बाहेर आमच्यासारखे चारदोन उभे असतात. सगळे "सहज आलो होतो" म्हणतात आणि सगळ्यांच्या खिशात कानस असते. दार उघडलं की इतर लोक कपबशांकडे जातात आणि हे सहज आलेले जिन्याखालच्या पेटीकडे धावतात. एकदा अशा पेटीत करवतीच्या दातांवर पाण्याची जुनी नळी उभी चिरून बसवलेली होती. पटाश्या मापानं लावलेल्या, प्रत्येकीच्या मुठीवर नावाची दोन अक्षरं कोरलेली, पात्यांवर तेलाचा हात. शेजारी मुलगा उभा. "बाबा कुणाला हात लावू देत नसत," म्हणाला. अशा ठिकाणी घासाघीस करायला माझी जीभ उचलत नाही. मागच्या माणसाची उचलली. तो करवत घेऊन गेला, वर नळी फुकट.

माझ्या हाती एक रंधा लागला. सगळं धड, फक्त मुठीचा बोल्ट नाही. म्हटलं, बोल्टाचं काय एवढं! तर या मुठीच्या बोल्टाचं माप १२ नंबर आणि इंचाला २० आटे. आजच्या दुकानांत १२ नंबर मिळाला तर तो २४ किंवा २८ आट्यांचा. हार्डवेअरवाल्यांनी मला "मोठं छिद्र पाडून नवा घाला" इथपासून "नवा रंधा घ्या" इथपर्यंत सगळं सुचवलं. शेवटी बोल्टासाठी म्हणून एक मोडका रंधा घेतला. घरी येऊन पुसला तर याचं बूड पहिल्यापेक्षा सरळ. वाईट होतं ते फक्त पातं, तेही निळं. मग पहिल्याचं पातं दुसऱ्याला घातलं. आता दुसऱ्याचा बोल्ट काढायला मन धजत नाही.

"एकसारखे दोन कशाला?" बायकोनं विचारलं.

"एकाला बोल्ट नाही."

हे उत्तर तिला अजून पटलेलं नाही. तिसरा मी हेरून ठेवलाय. त्याला बोल्ट आहे, मूठ नाही.