धुकं वेगळं, धूर वेगळा

चीनमधल्या छोंगछिंग परिसरातल्या फुलिंगचं हिवाळी धुकं म्हणजे निव्वळ प्रदूषण, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. यांगत्से आणि वू या नद्यांचा संगम, भोवती डोंगर, वारा अगदी मंद. कारखाने नव्हते तेव्हाही तिथे धुकं दाटायचंच. मात्र वर उबदार हवेचा थर बसला की धूर नि धूळ खालीच कोंडते आणि पीएम २.५ (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण) चढतं, हे खरं. हवा स्वच्छ करण्याच्या २०१३ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर चीनमध्ये ते बरंच उतरलं, याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण लेखात उन्हाळ्याबद्दल एक ओळही नाही? ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच छोंगछिंग परिसरातल्या बेईबेईत पारा ४५ अंशांवर गेला. चिआलिंग नदी इतकी आटली की लोक भेगाळलेल्या पात्रातून चालत होते. अशा उन्हात जमिनीलगतचा ओझोन हा श्वासाला घातक वायूही वाढतो. तिथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मला धुक्यापेक्षा या उकाड्याचीच जास्त काळजी वाटते.