दम लागला म्हणून स्वल्पविराम देऊ नका

शाळेत सगळ्यांना एकच शिकवलं जातं: स्वल्पविराम म्हणजे थोडं थांबा, पूर्णविराम म्हणजे पूर्ण थांबा. मोठ्याने धडा वाचायला हे ठीक आहे. इंग्रजी लिहिताना मात्र हीच शिकवण घात करते. जळगाव, धुळे, नंदुरबारहून निघणारे रजेचे अर्ज, नोकरीची पत्रं, केळीच्या निर्यातीचे मेल, पीएचडीचे सारांश काढून बघा. शब्द बरोबर, स्पेलिंग बरोबर (ते मोबाइलच करून देतो), आणि स्वल्पविराम मात्र लिहिणाऱ्याला जिथे दम लागला तिथे.

खाली इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहितोय. नजर स्पेलिंगवर न जाता चिन्हावर राहील.

'प्लीज कॉल मोहन' आणि 'प्लीज कॉल, मोहन'. पहिल्यात मोहनला फोन करायचा आहे, दुसऱ्यात मोहनने फोन करायचा आहे. मराठीत हा घोळ होतच नाही, कारण 'मोहनला' मधला 'ला' सगळं सांगून टाकतो. 'मुलांना' आणि 'मुलांनो' यांत कुणाची गल्लत होत नाही. इंग्रजी नामाला असे प्रत्यय नाहीत. तिथे अर्थाचं ओझं शब्दांच्या क्रमावर आणि या एवढ्याशा चिन्हावर असतं. आपल्या 'काय भो' मधला 'भो' हाक मारायचं जे काम करतो, ते इंग्रजीत स्वल्पविराम करतो. म्हणून 'गुड मॉर्निंग, सर' आणि 'थँक यू, मॅडम' मधला स्वल्पविराम ही हौस नाही, तो लागतोच.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. समजा कंटेनरमधून 1,540 खोकी गेली आणि त्यातली 20 फुटली. तुम्ही मेल लिहिला: 'द बॉक्सेस, विच वेअर डॅमेज्ड, विल बी रिप्लेस्ड.' झालं! तुम्ही लिहून दिलंत की सगळीच खोकी फुटली होती आणि सगळी बदलून देणार. स्वल्पविरामांच्या जोडीत अडकवलेला मजकूर इंग्रजीत जादा माहिती समजला जातो. तो उचलून बाजूला ठेवला तरी वाक्य उभं राहिलं पाहिजे. इथे उचलला तर काय उरतं? 'द बॉक्सेस विल बी रिप्लेस्ड.' फक्त फुटलेली म्हणायचं असेल तर दोन्ही स्वल्पविराम काढा आणि 'विच' ऐवजी 'दॅट' वापरा: 'द बॉक्सेस दॅट वेअर डॅमेज्ड विल बी रिप्लेस्ड.' मराठीत 'जी खोकी फुटली ती' म्हटलं की हिशेब चुकता. त्या 'जी-ती'ची सवय असल्यामुळेच इंग्रजीत आपण बेफिकीर राहतो.

याच्याच शेजारची चूक म्हणजे जोडीतला एकच देणं. 'द ट्रक, लोडेड अॅट सावदा रीच्ड मुंबई.' कंस उघडला आणि बंदच केला नाही, तसं हे. 'सावदा' नंतर दुसरा हवा, नाहीतर पहिलाही नको. आणि कर्ता लांबलचक झाला म्हणून कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये एकटा स्वल्पविराम टाकू नका. 'द फार्मर्स हू हॅव नॉट सबमिटेड देअर बँक डिटेल्स, शुड कम टुमॉरो' हे चूक आहे. वाचताना 'डिटेल्स' पाशी थांबावंसं वाटतं, मान्य. थांबा, पण चिन्ह नको.

मराठीतून सरळ उचलून नेलेला स्वल्पविराम म्हणजे 'की' नंतरचा. 'विनंती अर्ज करतो की,' असं आपण पिढ्यान्पिढ्या लिहीत आलोय, आणि मराठीत ते रूढ आहे. तेच इंग्रजीत जातं: 'आय वुड लाइक टू स्टेट दॅट, आय अॅम...' इंग्रजीत 'दॅट' नंतर हा स्वल्पविराम कधीच येत नाही. एका अर्जात तो तीनदा दिसला की मूळ अर्ज मराठीत विचार करून लिहिलाय हे लगेच कळतं. 'प्रति,' चंही तसंच. त्याच्या देखादेखी 'टू,' लिहितात. 'टू' नंतर काहीच नको. खरं तर 'टू' सुद्धा नको, सरळ 'द प्रिन्सिपल' पासून पत्ता सुरू करा. पत्त्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम देण्याची पद्धतही आता मागे पडली आहे. 'डिअर सर' नंतर द्या आणि 'युअर्स फेथफुली' नंतर द्या, बस.

दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं ही आपली दुसरी खोड. 'पाऊस आला, कापूस भिजला' हे मराठीत झकास वाक्य आहे. इंग्रजीत 'आय हॅव फीव्हर, आय कॅनॉट कम' ही चूक धरतात. उपाय तीन आहेत. मध्ये पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामाच्या जोडीला 'सो' किंवा 'अँड' द्या: 'आय हॅव फीव्हर, सो आय कॅनॉट कम.' 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' मात्र 'सो' सारखे जोडशब्द नाहीत. त्यांच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम. हे दोन शब्द प्रबंधांत सगळ्यात जास्त चुकतात.

उलट बाजूही आहे. कर्ता एकच असेल आणि क्रिया दोनच असतील तर 'अँड' आधी काही नको: 'वी पॅक्ड द फ्रूट अँड सेंट इट.' 'इफ' किंवा 'व्हेन' ने वाक्य सुरू झालं तर तो भाग संपल्यावर स्वल्पविराम द्या. तोच भाग शेवटी गेला तर बहुधा लागत नाही.

यादीतल्या शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर' आधी स्वल्पविराम द्यावा का? याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. ब्रिटनमधली वर्तमानपत्रं सहसा देत नाहीत, अमेरिकेतली पुस्तकं देतात. माझं मत: द्यावा. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या दूधगाडीवाल्यांनी यावरच खटला लढवला. कोणत्या कामांना ओव्हरटाइम नाही याची यादी कायद्यात होती आणि तिचा शेवट होता 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट' नंतर स्वल्पविराम नव्हता. मग डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम, की फक्त त्यासाठीचं पॅकिंग? गाडीवाले माल वाटायचे, पॅक करत नव्हते. 2017 मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की मजकूर संदिग्ध आहे, म्हणून अर्थ कामगारांच्या बाजूने लावायचा. 2018 मध्ये डेअरीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली. गंमत म्हणजे कायदा दुरुस्त करताना मेनच्या विधिमंडळाने त्या यादीत स्वल्पविराम काढून अर्धविरामच घातले.

आकड्यांतला स्वल्पविराम व्यापाऱ्यांनी जपावा. आपण 12,50,000 लिहितो, बाहेरचे 1,250,000 वाचतात. रक्कम एकच, पण परदेशी बिलावर त्यांची पद्धत ठेवा. जर्मनीसारख्या देशांत तर स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह. तिथे 1,250 किलो म्हणजे सव्वा किलो! अशा ठिकाणी हजाराचा स्वल्पविराम गाळून सरळ 1250 लिहिलेलं बरं. सीएसव्ही फाइलमध्येही (म्हणजे साध्या मजकुरात साठवलेला तक्ता) रकाने स्वल्पविरामानेच तुटतात. पत्त्याच्या रकान्यात 'चोपडा, जि. जळगाव' आलं की जिल्हा पुढच्या रकान्यात जाऊन बसतो आणि त्यापुढचे सगळे रकाने सरकतात. तो पत्ता दुहेरी अवतरणात ठेवा, म्हणजे फाइल शाबूत राहील.

लिहून झाल्यावर तपासायची रीत सांगतो. कंट्रोल आणि एफ दाबून स्वल्पविराम शोधा आणि एकेकापाशी थांबून विचारा, हा इथे कशासाठी आहे? हाक, यादी, सुरुवातीचा भाग, जादा माहितीची जोडी, किंवा जोडशब्दाआधीचा सांधा. यातलं काहीच नसेल तर बहुतेक वेळा तो दम लागलेलाच निघतो, काढून टाका.

आणि एक टायपिंगची गोष्ट, ही मराठीलाही लागू. जागा स्वल्पविरामाच्या नंतर सोडायची, आधी नाही. आधी सोडली की ओळ भरल्यावर तो बिचारा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटाच जाऊन पडतो. लग्नपत्रिकांत आणि चौकातल्या बॅनरवर आजोबांच्या नावाआधी लटकलेला दिसतो ना, तो हाच.