फॅट ५ टक्क्यांच्या खाली? पोरांना उपाशी मारायचंय का?

"फुटबॉलर व्हायचंय? उंची ६ फूट, फॅट ५ टक्क्यांच्या खाली, रोज १५ किलोमीटर रनिंग. १४ व्या वर्षापर्यंत बॉडी बनली नाही तर विसरा." हा मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. मी बघून सोडून दिला असता, पण माझा १४ वर्षांचा भाचा तीन आठवडे रात्रीचं जेवत नाहीये. त्याची वही हातात आली, रोज सकाळचं वजन आणि काट्यावरचं फॅट पेन्सिलने लिहिलंय, आकडा वाढला त्या दिवसाला लाल गोल. डोकंच फिरलं.

तर आधी हे फॅटचं. टॉपचे पुरुष खेळाडू साधारण ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास असतात, तेही पूर्ण वाढ झालेले आणि डाएटिशियनच्या देखरेखीखाली. मुलींच्या शरीराला तर नुसतं नीट चालायलाच १२ टक्क्यांच्या आसपास फॅट लागतं, आणि हा मेसेज त्यांनाही जातोय! वर घरचा काटा फॅट मोजतच नाही, पायातून बारीक करंट सोडून अंदाज बांधतो, शरीरातलं पाणी कमीजास्त झालं की आकडा हलतो. भाच्याला प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर उभं केलं, आकडा वेगळा आला, मग म्हटलं दीड तासात चरबी इकडची तिकडे झाली का सांग.

आणि खेळाडू शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यापेक्षा कमी खात राहिला की काय होतं ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्येच तज्ज्ञांकडून लिहून घेतलंय, २०२३ मध्ये नव्याने मांडलंय, रेड-एस म्हणतात त्याला: हाडं ठिसूळ, स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला बारीक तडा), मुलींची पाळी बंद, मुलांचं टेस्टोस्टेरॉन कमी, सारखं आजारपण, आणि खेळही खालावतो. वाढत्या वयात तर वाढच अडते, म्हणजे ६ फुटांच्या नादात आहे ती उंचीपण जायची.

उंचीचं म्हणाल तर गोलकीपर आणि सेंटर बॅक (बचावातले मधले खेळाडू) बहुतेक उंच असतात, हे मान्य. पण मेस्सी १७० सेंटीमीटर, मॅराडोना १६५, फ्रान्सचा कांते १६८ आणि २०१८ चा वर्ल्ड कप जिंकलेला. इटलीचा कानावारो तर १७६ सेंटीमीटरचा सेंटर बॅक, २००६ चा वर्ल्ड कप जिंकणारा कॅप्टन.

१५ किलोमीटर? मॅचमध्ये १०-१२ होतात, पण त्यात बराच वेळ चालणं आणि हळू जॉगिंग, मध्येच दोन-चार सेकंदांचा स्प्रिंट, ब्रेक, वळण. एका लयीत रोज १५ पळून ते येत नाही.

१४ व्या वर्षाचं तर बोलूच नका, एकाच टीममधल्या दोन पोरांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो.

काल त्याला समोर बसवून पोटभर जेवू घातलं. वही माझ्याकडे आहे, काटा कपाटात वर टाकलाय. मेसेज त्याच्या टीमच्या पालकांच्या ग्रुपवरूनच आला होता, तिथे हे सगळं असंच्या असं टाकतोय.